बाई, आपलं गाव बुडणार का?

नमस्कार मॅडम,

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते पाचवी, पट एकोणचाळीस. दिवाळी झाली की तो विसाच्या खाली येतो, कारण निम्मी घरं ऊसतोडीला जातात. यंदा हवामान बदल आणि शाश्वत विकास यावर वर्षभर उपक्रम घ्या, फोटो टाका, असं वरून आलंय. मी उत्साहाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फ वितळतंय, पांढऱ्या अस्वलाची हाडं दिसताहेत, शहरं पाण्याखाली जाताहेत. चौथीतली एक मुलगी रडायला लागली. "बाई, आपलं गाव बुडणार का?" मी "नाही गं" म्हणाले आणि गणिताचं पुस्तक काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

झाडांचं तर विचारू नका. दर पावसाळ्यात लावतो, दर मे महिन्यात वाळतात. पालक म्हणतात, शिष्यवृत्तीचं बघा, माती उकरायला घरचं रान आहे की. आणि ज्यांच्या घरी टँकरच्या पाण्यावर चार महिने निघतात, त्या पोरांना "पाणी वाचवा" असं मी कुठल्या तोंडानं शिकवू? मनापासून काही करायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?

– एक बाई, जि. बीड

प्रिय बाई,

फोटो, झाडं, पालक सगळं नंतर. आधी ती मुलगी.

ती पुन्हा यायला लागली असेल तर तिला जवळ बसवून तो प्रश्न तुम्हीच काढा. "नाही गं" हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण पाठोपाठ गणिताचं पुस्तक निघालं, आणि मोठ्यांनी बदललेला विषय पोरांना बरोबर कळतो. घरात कुणी आजारी असलं आणि माणसं दाराआड कुजबुजायला लागली की ती कशी कान टवकारतात, तसंच. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात केवढे पूर आले ते तिने पाहिलंय किंवा ऐकलंय. तिची भीती व्हिडिओतल्या शहरांची असेलच असं नाही. कदाचित ओढ्यापलीकडच्या मामाच्या घरात शिरलेलं पाणी तिला आठवलं असेल. म्हणून उत्तर देण्याआधी विचारा, "तुला कुठलं पाणी दिसलं गं?" तिला बोलू द्या. मग भिंतीवरचा नकाशा काढा. समुद्र इथे, आपण इथे, मध्ये सरळ रेषेतसुद्धा अडीचशे किलोमीटर. त्यात आपण बालाघाटावर, समुद्रापेक्षा कितीतरी शे मीटर उंच. समुद्र इथवर चढणार नाही, हे ठणकावून सांगा. ओढ्याला पूर येऊ शकतो. आला तर कुणी कुठे जायचं, शाळेची चावी कुणाकडे असते, गावातली उंच जागा कोणती, हेही सांगा. भीती वाटलेल्या मुलाला "काही होत नाही" यापेक्षा "झालं तर आपण असं करू" हे जास्त पचतं.

आता त्या पांढऱ्या अस्वलाला तुमच्या शाळेतून रजा द्या. बिचाऱ्याचं दुःख खरं आहे, पण नऊ वर्षांचं पोर त्याच्यासाठी काहीही करू शकत नाही, आणि ज्या भीतीवर हाताला काम नसतं ती भीती पोटात बसते. माझा आपला साधा हिशेब आहे. तिसरीपर्यंत संकटाचा शब्दही काढायचा नाही. आपल्या शाळेत किती पक्षी येतात, मुंग्यांची रांग पावसाआधी कुठे जाते, हापशाचं पाणी सांडून शेवटी कुठे मुरतं, एवढंच. ज्याची ओळख नाही त्याची काळजी कोण करणार? चौथी-पाचवीला मग कारणं सांगायची, तीही आपल्या जिल्ह्यातली.

कारण सांगताना मी गोधडी वापरते. थंडीत एक गोधडी घेतली की ऊब येते, तीन घेतल्या की घाम फुटतो. पृथ्वीवर हवेतल्या काही वायूंची अशीच गोधडी आहे, आणि ती हवीच, नाहीतर आपण गारठलो असतो. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जाळून त्यातला कार्बन डायऑक्साइड माणसाने कारखाने सुरू होण्याआधीच्या काळाच्या दीडपट केलाय. दहा लाख भागांत २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. हे आकडे तुमच्यासाठी. मुलांना "दीडपट जाड गोधडी" पुरे. मग कोळसा कुठे जळतो? यासाठी लांब जायला नको, परळीचं औष्णिक वीज केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे. दगडी कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचं, वीज तयार. आणि २०१३ च्या दुष्काळात तेच केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, हे मुलांना सांगून बघा. आगीच्या कारखान्याला पाणी कशाला लागतं, या एका प्रश्नावर पाचवीचा तास संपतो. पुढचा तास डोंगरावरच्या पवनचक्क्यांचा. त्या तर तुमची पोरं रोज बघतात, त्या आतून काय करतात हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

तापलेल्या हवेचा पावसाशी काय संबंध, हेही या वयात सांगता येतं. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे मोठं पोतं. भरायला वेळ लागतो म्हणून मध्ये लांब उघडीप पडते, आणि फाटलं की एकदम सगळं सांडतं. दुष्काळी गावाला पूर कसा येतो याचं हे पूर्ण उत्तर नाही, पण खोटंही नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटाकडचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. कुठल्या तोंडानं शिकवू? अहो, शिकवूच नका. सरासरी भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आणि अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. तुमच्या वर्गातल्या कोयत्यावाल्याचं पोर त्या भारतीय सरासरीच्याही कितीतरी खाली. त्याला "दिवे बंद करा, पृथ्वी वाचवा" अशी शपथ द्यायची म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पाण्याची काटकसर तर ही पोरं तुम्हाआम्हाला शिकवतील. त्यांना एक काम द्या: घरात आलेल्या एका हंड्याचा प्रवास. सकाळी भरला तेव्हापासून त्यातला शेवटचा थेंब मातीत पडेपर्यंत काय काय झालं ते वहीत लिहायचं, लहानांनी चित्र काढायचं. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या घमेल्यात, अंघोळीचं दगडावरून वाहून शेवग्याच्या बुंध्याशी, भांड्यांचं पाणी अंगणातल्या सड्याला. माझ्या शाळेत एका मुलीने एका हंड्याचे सात टप्पे लिहून आणले होते. आम्ही त्याच आठवड्यात "पाणी हे जीवन" वर निबंध स्पर्धा घेणार होतो. मी ती मुकाट्याने रद्द केली.

माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतली पंचवीस सातारच्या माण तालुक्यात गेली, तोही तुमच्यासारखाच कोरडा मुलूख. आधी बाई म्हणून, नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, म्हणून. तेवढ्या काळात उपक्रम किती आले आणि किती गेले याची गणती नाही. टिकलं ते एकच: पोरांनी स्वतः मोजलेलं. बाकीच्या घोषणा प्रभातफेरी वळणावर गेली की संपतात. म्हणून माझा सल्ला विचाराल तर या वर्षी एकच गोष्ट करा. पाऊस मोजा.

त्यासाठी काही विकत आणायचं नाही. उभ्या सरळ भिंतींचा एक डबा घ्या, बिस्किटांचा किंवा तेलाचा पत्र्याचा, तोंड नीट कापून आणि कडा ठोकून. पटांगणात भिंतीपासून, झाडापासून लांब, सपाट दगडावर ठेवा आणि वाऱ्याने पडू नये म्हणून कडेने चार दगड लावा. डब्यातल्या पाण्याची खोली मोजपट्टीने मोजायची. जितके मिलिमीटर खोली तितके मिलिमीटर पाऊस. संपलं. हवामान खातं सकाळी साडेआठची नोंद धरतं. तुमची शाळा दहाला भरत असेल तर दहा, पण वेळ रोज तीच ठेवा आणि नोंद झाली की डबा उपडा करा. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर खात्याच्या हिशेबात तो "पावसाचा दिवस", त्याखाली नाही. हा नियम पोरांना फार आवडतो. भुरभुर आली की भांडणं लागतात: "आजचा धरायचा का नाही?"

यातली गंमत पुढे आहे. पोरांना वाटतं, भांडं मोठं तर पाऊस जास्त. सांगून पटत नाही, त्यामुळे सांगायचंच नाही. आम्ही एकदा पोषण आहाराच्या खोलीतलं मोठं पातेलं, एक डबा आणि एक प्लॅस्टिकची बादली अशी तीन भांडी शेजारी ठेवली. रात्री पाऊस झाला. सकाळी डब्यात चौदा मिलिमीटर, पातेल्यातही चौदा. सगळे गप्प. बादलीत मात्र वीस! एकाच पटांगणात दोन पाऊस कसे पडतील? वर्गात अर्धा तास नुसता कल्ला. शेवटी चौथीतला एक पोरगा बादलीपाशी उकिडवा बसला, पट्टीने वरचं तोंड मोजलं, बूड मोजलं आणि उठून म्हणाला, "बाई, बादली लबाड हाय. वरनं रुंद हाय न् खालनं चिंचोळी." क्षेत्रफळावर मी वर्षानुवर्षं फळा भरला होता. त्या पोराला त्यातलं किती कळलं होतं कोण जाणे, पण त्या दिवशीचं कायमचं कळलं.

महिन्याभराच्या नोंदी झाल्या की छपराचं गणित घाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पाचवीच्या मुलांना सेंटिमीटरमध्ये १०० गुणिले १०० गुणिले ०.१ करून काढू द्या. आता तुमच्या दोन खोल्यांचं छप्पर टेपने मोजा. समजा साठ चौरस मीटर भरलं. तुमच्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे छपरावर वर्षभरात ३९ हजार लिटर पाणी पडतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी, गळती, उडालेलं, असा पाचवा हिस्सा सोडा, तरी ३१ हजार. गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा असेल तर तीन टँकर. आपल्याच डोक्यावर उतरून ओढ्याला जातात! हे उत्तर फळ्यावर तुम्ही लिहू नका. ज्या मुलाच्या घरापुढे टँकरची रांग लागते त्याच्या हातात खडू द्या.

त्यानंतर पन्हळ आणि एक दोनशे लिटरचा ड्रम एवढं शाळा व्यवस्थापन समितीकडे मागा. मोठी टाकी, उद्घाटन, फलक यात पडू नका. साठ चौरस मीटरचं सगळं पाणी एका पन्हळीत आलं तर ड्रम साडेतीन मिलिमीटर पावसातच भरतो. पोरांना हा आकडा आधी काढायला लावा, म्हणजे पाऊस सुरू झाला की डब्याकडे एक आणि ड्रमकडे एक अशी पळापळ होते. ड्रमवर झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डासांची शाळा भरेल. हे पाणी प्यायचं नाही, झाडांना आणि शौचालयाला वापरायचं.

वहीत आकडे जमले की घरच्या म्हाताऱ्यांना शाळेत बोलवा. तुमच्या भागात ज्यांनी १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला अशी माणसं अजून आहेत. खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी थापल्या, हे ती सांगतील. आणि बहुतेक जण आणखी एक वाक्य बोलतील, ते मुलांना लिहून घ्यायला लावा: तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. मग २०१६ चं सांगा, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तुमच्या पहिली-दुसरीतली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. पन्नास वर्षांत विहिरींचं काय झालं, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तो कुठल्या पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात छापलेला नसतो. उत्तरात पाऊस येईल, बोअरही येतील, पिकंही येतील. हवामान बदलाच्या नावावर सगळं खपवायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा ठेवा.

झाडांचं आता. एका शाळेत, नाव नको, मी वृक्षारोपणाला गेले होते. २०१९ साल, राज्यभर तेहेतीस कोटींचं लक्ष्य, पाहुणे येणार म्हणून खड्ड्यांची घाई. तिसरीतला एक पोरगा कुदळ घेऊन शांतपणे विचारतो, "बाई, मागच्या वर्षीचंच खड्डं घ्यायचं ना?" सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. झाड जुलैत कुणीही लावतं, ते मरतं मे महिन्यात, आणि मे महिन्यात शाळा बंद असते. तेव्हा किती लावायची हे आकड्यावरून नाही, मे महिन्यात पाणी कोण घालणार यावरून ठरवा. माझ्या मते तुमच्या शाळेला तीन झाडं पुष्कळ झाली. ती हापशाच्या सांडपाण्याच्या चारीवर लावा. सुट्टी असो नसो, बायका पाण्याला येणारच आणि पाणी सांडणारच.

कोणती लावायची, तर तुमच्याकडे सीताफळ आहे ना! बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, डोंगरात ते आपलं आपण वाढतं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. कुंपणाचा खर्च वाचला. दिवाळीच्या आसपास पोरं सीताफळं खातातच, त्या बिया धुऊन वाळवून ठेवा आणि जूनमध्ये रात्रभर भिजवून पिशव्यांत टोचा. उगवायला महिनाभर लागतो, तोवर "बाई, माझी मेली" हे रोज ऐकायची तयारी ठेवा. एक मात्र बजावून सांगा, बिया कुटायच्या नाहीत. त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. सावलीला एक कडुनिंब असू द्या. बुंध्याशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक, भोकात जुन्या लुगड्याची वात, वर झाकण. घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी पोरांनी त्यात ओतायचं. पाणी वातीने सावकाश मुळाशी झिरपतं, उन्हाने उडून जात नाही. रोपाला आळं करून वरून घातलेलं पाणी आणि मडक्यातलं पाणी, माती किती दिवस ओली राहते, हेही मोजता येईल. मला मोजायचं वेड आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

टाकाऊपासून टिकाऊच्या वाटेला जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. अशा एका स्पर्धेला मी परीक्षक होते. पहिलं बक्षीस मिळालेली झोपडी आइसक्रीमच्या काड्यांची होती आणि काड्यांचं कोरं पाकीट दुकानातून आणलेलं. त्याऐवजी आठवडाभर पाच रुपयांच्या पुड्यांची रिकामी पाकिटं एका पोत्यात जमवा. त्या चकचकीत कागदात प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, दोन्ही वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. ते पोतं बघून दुकानात कोण काय बोलतं ते पोरांकडूनच ऐका. आणि शाळेमागे कचरा पेटवत असाल तर ते मात्र उद्यापासून बंद. पालापाचोळा खड्ड्यात, पुड्या पोत्यात.

आता दिवाळीनंतरचं. या प्रश्नाने तुम्ही मला खरं अडचणीत आणलंत. ज्या मुलांनी जूनपासून पाऊस मोजला तीच नोव्हेंबरात आईबापाबरोबर फडावर जाणार आणि मार्च-एप्रिलला परत येणार. काही हंगामी वसतिगृहात राहतील, सगळी नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या तारा मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. आपल्या हातात तेवढं बळ नाही, पण वही पाठवता येते. जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक चाळीस पानी वही आणि एक पेन्सिल द्या. रोज एक ओळ: आज पाणी कुठून आणलं, किती लांबून. आणि एक चित्र. फडातलं पाचट जाळलं की रानातच ठेवलं, एवढं बघून ये म्हणावं. पाचट न जाळता सरीत पसरलं तर ओल टिकते आणि धूर होत नाही. हे आपल्या मुलांना उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं, शहरातल्या शाळेला ते फक्त चित्रात दिसेल.

ही मुलं परत आली की इकडे राहिलेल्यांची वही आणि तिकडून आलेली वही समोरासमोर ठेवा. एखादं पोर विचारणारच: आपल्याकडे हंडाभर पाण्याला तास लागतो आणि तिकडे उसात पाटाचं पाणी कसं वाहतं? घाबरू नका. पोरांना मिलिमीटर येतो ना आता? उसाला त्याच्या वाढीच्या काळात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, आणि आपल्या डब्यात वर्षाला साडेसहाशे पडतं. उरलेलं धरणाच्या कालव्यातून किंवा जमिनीखालून येतं. एवढं फळ्यावर लिहा आणि थांबा. ऊस वाईट, कारखाना वाईट, असा निकाल देऊ नका. ज्याचे आईवडील त्याच उसावर जगतात त्या मुलाला आपल्या घरची भाकरीच गुन्हा वाटायला लागेल. पण आकडे लपवूही नका.

पालकांना शिष्यवृत्ती हवी आहे, तर छपराच्या गणिताचं पान दाखवा. क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, एकक बदलणं, सगळं त्यात आहे. पुढच्या पालक सभेत तुम्ही बोलू नका, पाचवीतल्या मुलीला बोलू द्या.

फोटोचं सोपं आहे. रोपाला सातजणांनी हात लावलेला फोटो टाकायचा नाही. वहीच्या पानाचा टाका, तारखेसकट. कुणी विचारलंच की हा काय उपक्रम, तर सांगा की १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पर्यावरण हा विषय शाळेत शिकवायला सांगितलं, आणि आम्ही तो परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवतोय. एक वर्ष वरून आलेल्या ऑनलाइन माहितीच्या लिंका भरण्यात थोडा उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही. मी बत्तीस वर्षं हेच करत आले.

सहकारी शिक्षक म्हणतील, एवढंसं करून पृथ्वीचं काय होणार? माझ्यापाशी याचं उत्तर नाही आणि मला ते देण्याची गरजही वाटलेली नाही.

त्या मुलीला डब्याची पहिली मानकरी करा. पावसाची नोंद तिच्या हातची असू द्या, पंधरा दिवस तरी. पाणी किती आलं हे पट्टी लावून तिने स्वतः सांगितलं की ते कितीपर्यंत चढतं याचा तिला अंदाज येईल. जूनमध्ये वहीत पहिला आकडा पडला की मला कळवा. आणि बादली ठेवणार असाल तर डबा आणि पातेलं बादलीच्या शेजारीच ठेवा, म्हणजे पोरांना तिची लबाडी पकडता येईल.

तुमची,
एक निवृत्त केंद्रप्रमुख